कोर्ट उठेपर्यंत

महापरसाद, तू बसला तेव्हा मी पाहत होतो. हे आधीच सांगून टाकतो. अकरा दिवस झाले, मी हे अजून कोणाला सांगितलेलं नाही, घरात बायकोलाही नाही.

वैशाख संपत आला होता. मी माझ्या वरच्या बांधीत, धानाच्या खाचरात, कडेचे धुरे नीट करून राहिलो होतो आणि तू डोक्यावर मातीची टोपली घेऊन तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, चढून राहिला होता. ऊन असं की फावड्याचा दांडाही हातात धरवेना. तू टोपली रिकामी केली, पायानं माती दाबली आणि मोहाच्या झाडाला टेकून खाली बसला. खरं सांगू? मला बरं वाटलं. मी मनात म्हटलं, बस लेका, बस. मला जेलात धाडायला निघाला होता ना, आता कसा दमला! आणि मी पाठ फिरवली. पाठ फिरवून तासभर फावडं चालवलं.

सीताबाई जंगलातून तेंदूपत्त्याचं ओझं घेऊन पाळीवरून येत होती. तिनं आधी तुला हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली. मग ती किंचाळली ते मला ऐकू आलं. मी धावलो, पण तुझी मान तोवर कलली होती. अंग तापलेलं होतं, ओठांवर माती होती, आणि तू नव्हता. ऊन लागलं म्हणाले सगळे. तासभर आधी कोणी पाणी पाजलं असतं, सावलीत नेलं असतं तर माणूस हाती लागला असता, असंही म्हणाले. मी तिथेच उभा होतो. माझ्या बांधीच्या धुऱ्यावर माझी पाण्याची घागर भरलेली होती.

बाप्पा रे! अजून डोकं ठिकाणावर येत नाही. बायको जेवायला वाढते आणि मी तिला विचारतो, आज कोण गेलं म्हणून घरात असं गुपचूप आहे? ती माझ्याकडे पाहत राहते. काल तुझा दहावा झाला. मी डोकं भादरलं. गावानं पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर होतं ते मला वाचता येत होतं: आठ महिने ज्याच्याशी धड बोलला नाही, त्याच्यासाठी हा कायले केस काढते?

कायले म्हणजे? अठरा वर्षांचे होतो आपण. तुमच्या घरचा म्हातारा पुरीची यात्रा करून आला, त्यानं प्रसादाच्या वाळल्या भाताचे चार दाणे तुझ्या तळहातावर ठेवले, चार माझ्या. तू माझ्या तोंडात घातले, मी तुझ्या. झालो महापरसाद. तुझी बायको माझी महापरसादीन, तुझ्या घरी कोणी मेलं तर मला सुतक, माझ्या घरी मेलं तर तुला. आणि म्हाताऱ्यानं बोट नाचवून बजावलं होतं, "पोट्टेहो, आजपासून एकमेकाचं नाव तोंडून काढाचं नाई. नाव घेतलं का नातं तुटलं." तू तेव्हा मोठा हसला होता. म्हणाला होता, "याचं नाव घ्याले मले कोण्या कामाचं पडते? शिवी दिली तरी येते हा!"

गोंदियाच्या बाजारातलं आठवते ना तुला? बैलजोडी पाहायला गेलो होतो आणि गर्दीत मी मागे राहिलो. नाव घ्यायचं नाही, मग तू बाजाराच्या मधोमध उभा राहून बोंबलला, "महापरसाद! ओ महापरसाद!" चार माणसं वळली. एक छत्तीसगडचा म्हातारा, एक पानवाला, आणखी दोघे. पानवाला म्हणतो, "क्या हुआ भैया, कौनसा महापरसाद?" तू म्हणाला, "हमारेवाला, जरा मोटा है." मी मागून तुझ्या पाठीत बुक्की घातली. परतीच्या गाडीत सालेकशापर्यंत तू त्या पानवाल्याची नक्कल करत होता. तीस वर्षं झाली असतील त्याला.

आणि मला मोतीझऱ्याचा ताप आला त्या साली तू तुझी शेती थांबवून आधी माझा रोवणा, धानाची लावणी, उरकला. मी उठून बसायला लागलो तेव्हा माझं धान हिरवंगार आणि तुझं पिवळट. मी काही बोललो नाही, तूही नाही. आपल्यात आभार मानायची रीत नव्हती. आज वाटते की असायला पाहिजे होती.

भांडण मात्र आपलं एकच, जन्मभराचं. पाण्याचं.

तलाव तुझ्या आजानं बांधलेला, म्हणून पाणी वाटायचं काम तुमच्या घरात. तू पाणकर. तलावाच्या पोटातलं पाणी सोडायचं दगडी तोंड, आपला तुडूम, त्याचा लाकडी खुंटा तुझ्या ताब्यात. तुडुमाच्या पायथ्याशी पहिली बांधी माझी. पाटाच्या अगदी शेवटी सीताबाईच्या तीन बांध्या. तिचा नवरा गेला तेव्हापासून ती एकटीच कसते. आणि तुमच्या आजाचा नियम असा की पाणी कमी पडेल त्या साली आधी शेवटच्या बांधीला पाणी, मग वर वर येत सगळ्यात शेवटी माझ्या बांधीला. यावर मी तुझ्याशी किती तंडलो असेन!

"माह्या बांधीच्या कडेनं पाणी जाऊन राहिलं, ना मी कोरडा बसू?"

"बस. तुले पाणी दिसून तर राहिलं. तिले दिसतही नाई."

"दिसून धान पिकते का गा?"

"माह्या आजाले विचार." एवढं बोलून तू बिडी पेटवायचा. तुझा आजा मेलेला, त्याला काय विचारणार? भांडण तिथेच थांबायचं आणि पुढल्या साली तिथूनच सुरू व्हायचं.

गेल्या साली हस्त कोरडा गेला. धान निसवायला आला होता, लोंब पोटात होती, आणि वर ढगाचा तुकडा नाही. तुझ्या पोरीचं बाळंतपण अडलं म्हणून तुला तिच्या सासरी जावं लागलं. जाताना तू माझ्या अंगणात आला. "महापरसाद, दोन दिवस तुडुमाकडे तू पाह्य. सीताबाईची पाळी चालू आहे. तिच्या तिन्ही बांध्या भरल्या का खुंटा ठोकून दे." मी म्हटलं, "जा बावा, निवांत जा." तू खरंच निवांत गेला.

बाजाराचा दिवस होता. गाव सालेकशाला गेलेलं. भर दुपारी मी फावडं घेतलं, सीताबाईच्या पाटाचं तोंड मातीनं बुजवलं आणि पाणी माझ्या बांधीत वळवलं. घाबरत घाबरत नाही, आपल्या हक्काचं घेतो तसं. दोन दिवस घेतलं. तू आला तेव्हा तलावाच्या तळाचा चिखल दिसत होता आणि सीताबाईच्या बांध्यांना भेगा पडल्या होत्या. तिचा धान निसवला तो पांढरा. लोंबीत दाणाच नाही.

तू विचारलं तर मी म्हणालो, खेकड्यांनी पाट फोडला. तू खाली वाकून पाटाच्या तोंडाशी पाहत राहिला. मग म्हणाला, "खेकड्याले फावडा कोणं देला गा?"

मी घराकडे वळलो. तू आणखी विचारलं नाही. त्या दिवशी मी "हो, चुकलो" म्हटलं असतं, तर पुढचं काही झालंच नसतं. पण माझी जीभ! आयुष्यभर नको तिथे चालली आणि हवी तिथे टाळूला चिकटून बसली.

जुन्या काळी अशा चोरीची शिक्षा सगळ्या गावाला पाठ होती. तुडुमापासून मोहाच्या झाडापर्यंत पाळीवर हातभर मातीचा एक थर, चोरानं स्वतःच्या डोक्यावर वाहून टाकायचा. मजूर लावायचा नाही, बैलगाडी लावायची नाही. महिना दीड महिना लागतो. येणारे जाणारे पाहतात. थर पुरा झाला की त्याच दिवशी पंचांनी त्याच्या हातचं पाणी प्यायचं आणि विषय संपला. पण मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, जाऊन दोन पावसाळे झाले होते. तू पंचांकडे गेला तर त्यांनी हात वर केले. "आता तलाव सरकारचा, पाणी सरकारचं. आमी कोण?" मी तर खुशीत होतो. मी चावडीवर म्हणालोसुद्धा, "आता राज्य आपलं आहे, आता कोणाच्या आजाचा नियम चालत नाई." तू म्हणाला, "राज्य आपलं, तर तू पाणी चोरलं कोणाचं?" आणि चालत ठाण्यावर गेला. मला वाटलं, येईल अर्ध्या वाटेतून परत. कोण जाते कोर्टात पाण्यासाठी?

तू गेला. गोंदियाच्या कोर्टात पुसात तारीख पडली. आपण तिघे एकाच गाडीनं गेलो, तू, सीताबाई आणि मी, तीन वेगवेगळ्या डब्यांत. सीताबाईच्या पदरात तिच्या बांधीतल्या पांढऱ्या लोंबांची जुडी होती. तिला वाटलं, साहेब हातात घेऊन पाहतील.

तू पिंजऱ्यात उभा राहिला. वकिलानं विचारलं, आरोपी तुझा कोण? "महापरसाद," तू म्हणाला. साहेब बाहेरगावचे. त्यांना कळेना. "ते नातं राहू द्या. गुन्हा कोणी केला, त्याचं नाव सांगा." कारकून खेकसला, "अरे, नाम बोलो, नाम!" तू माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको म्हटलं मी, डोळ्यांनी. गुन्हा लपवायचा म्हणून नाही रे, देवाशप्पथ सांगतो. मला त्या क्षणी गुन्ह्याचं काहीच वाटत नव्हतं. मला फक्त तुझ्या तोंडून ते यायला नको होतं.

"टेकचंद," तू म्हणाला.

माझं नाव इतकं परकं मला कधीच वाटलं नव्हतं. नंतर कोण काय बोललं, मला आठवत नाही. साहेबांनी निकाल वाचला तोही अर्धाच ऐकला. पहिलाच गुन्हा, इभ्रतीचा शेतकरी, पाण्यावरून शेजाऱ्यांची कुरबुर. थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे साहेब खुर्चीवरून उठून घरी जाईपर्यंत तिथेच बसून राहायचं, बस्. शिपायानं मला बाक दाखवला. चहा पाजला. ओळखीचा निघाला तो, आमगावकडचा. सीताबाई दाराशी उभी होती. तिनं जुडी पुढे केली तर कारकून म्हणाला, "बाई, इथं कचरा टाकू नका." ती शिपायाला विचारत होती, "झाली का शिक्षा? कवा झाली?"

पाच वाजता बाहेर आलो. तू समोर चिंचेखाली बसलेला. दुपारची गाडी सोडून तू तिथे बसून राहिला होता. मला वाटलं, माझी फजिती पाहायला थांबला. मी तुझ्यासमोर जाऊन हसलो. "पाह्यली शिक्षा? चिवडा खाल्ला, चाय पेलो." तू माझ्याकडे पाहिलं आणि उठून स्टेशनाकडे चालू लागला. मी गावात येऊन बत्तासे वाटले. घरोघर, सीताबाईच्या घरीसुद्धा. आता हे लिहितो आहे तर खोटं कशाला बोलू? वाटले. तिच्या पायरीवर द्रोण ठेवून आलो.

चैतात भंडाऱ्याहून नोटीस आली. तू वरच्या कोर्टात अर्ज केला होता की ही शिक्षा शिक्षाच नाही, ती वाढवावी. मला हुकूम, की शिक्षा का वाढवू नये याचं कारण दाखवा. वकील म्हणाला, वाढली तर जेल आहे. माझं रक्तच तापलं. मी नोटीस घेऊन तुझ्या अंगणात आलो. गाव जमा झालं.

"मले जेलात टाकतं का? काऊन? माह्या जेलानं तिच्या एका लोंबीत दाणा भरन का?"

तू टोपली विणून राहिला होता. मान वर न करता म्हणाला, "तुले बसाले बाक देला, ना तिले उभं ठेवलं. हे शिक्षा होय का?"

"मंग कोर्टाले जाऊन विचार!"

"विचारलंच तं आहे." मग तू मान वर केली. "मी गुपचूप बसलो असतो. तू बत्तासे वाटले नसते तं."

हे आपलं शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवसापासून तू ती नवी टोपली घेऊन पाळीवर दिसायला लागला. सकाळी उन्हाच्या आधी, मग दुपारीही. तलावाच्या कोरड्या पोटातून माती काढायची आणि पाळीवर टाकायची. मी समजलो, पाणकर आहे, पाळ डागडुजी करून राहिला. चारचौघांत मी म्हणालोही, "सरकारनं फुकटचा मजूर ठेवला वाटते." लोक हसले नाहीत. मला वाटलं, उन्हामुळे. आता कळते की त्यांतल्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं आणि एकानंही माझी जीभ धरली नाही. मला कोणी सांगावं, इतका चांगला मी कोणाशी वागलोच नव्हतो.

काल दहाव्याला गोंदियाचा तो मुनशी आला, कोर्टाबाहेर अर्ज लिहितो तो. तू त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला होता. नदीवरून परत आल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "टेकचंदजी, एक बात बतानी थी. तुमचा दोस्त अजीब आदमी होता."

तू त्याला म्हणाला होता म्हणे, अर्जात लिहा, आरोपीला पाळीवर मातीचा एक थर टाकायची शिक्षा द्या. मुनशी म्हणाला, अशी शिक्षा पुस्तकात नाही. तू विचारलं, मग पुस्तकात काय आहे? तो म्हणाला, जेल. तू म्हणाला, "बरं, कागदावर जेल लिहा. मी भंडाऱ्याले साहेबापुढं उभा राहून तोंडानं सांगीन, जेलाच्या बदली माती द्या. मोठा साहेब आहे, त्याले समजन." मुनशीनं समजावलं की कोर्ट असं बदली देत नसते, बाजारातली मिरची-मीठ आहे का ही? तू ऐकलं नाही. वर म्हणाला, आणखी एक ओळ लिहा. पाणकराच्या हयगयीशिवाय पाणी चोरीला जात नाही, म्हणून फिर्यादीलाही तेवढीच शिक्षा व्हावी. मुनशीनं ती ओळ लिहिली नाही. फिर्यादी स्वतःसाठी शिक्षा मागतो असा अर्ज पाहिला तर साहेब हाकलून देतील, म्हणून.

मी मुनशीचा हात धरून खाली बसलो.

मग महापरसादीन आली. डोळे कोरडे. ती तिचं बोलणं आधीच ठरवून आली होती. म्हणाली, तुमच्या घरात नियम दोन थरांचा. चोराचा एक, पाणकराचा एक. चोराचा थर गावाला ठाऊक असतो, पाणकराचा घरात ठाऊक असतो. तू तुझा थर अखजीच्या, अक्षय तृतीयेच्या दिवशी पुरा केला. संध्याकाळी ती म्हणाली, झालं ना, आता बसा. तर तू म्हणाला, "महापरसादाचा बाकी आहे. कोर्टाचं काई खरं नाई. पाऊस आला तं पाळ अर्धीच राहीन."

म्हणजे तू त्या दुपारी वाहत होता ती माती माझी होती. मी घागर भरून ठेवून पाहत होतो ते माझ्या शिक्षेखाली तुला बसताना.

मी उठलो, तुझी टोपली कुठे आहे विचारलं. म्हटलं, आत्ता जातो, उरलेला थर मी टाकतो. महापरसादीननं टोपली मागे ओढली. ती कधी माझ्याशी अशी बोलली नव्हती. "नाई. पाणी आपल्या हातानं घेतलं, आता शिक्षाही आपल्या हातानं घेता काय? थ्यायनं कोर्टाले मागतली. कोर्टातूनच आणा." मी म्हणालो, पाऊस येईल, पाळ अर्धी आहे. "थे आमी बाया पाहून घेऊ," ती म्हणाली. सीताबाई तिच्या मागेच उभी होती.

जाता जाता तिनं आणखी एक सांगितलं. त्या कोर्टाच्या दिवशी तू घरी आला, तसाच अंगावरच्या कपड्यांनी तलावात उतरला, डोकं बुडवलं आणि दोन दिवस अन्नाला शिवला नाही. तिनं विचारलं तर म्हणाला, "नाव घेतलं मी त्याचं." मग तिनं विचारलं, चिंचेखाली एवढा वेळ कायले बसले? तर म्हणाला, "महापरसाद कैदेत आहे, ना मी घरी कसा येऊ?"

अरे सोन्या! पाच वाजेपर्यंत तूही कैदेत होता आणि मी बाहेर येऊन तुला चिवड्याचं सांगितलं.

आज वकील घरी आला होता. मोठा खुशीत. म्हणाला, फिर्यादीच राहिला नाही, आता अर्ज कोण चालवणार? तारखेला उभे राहा, तोंड उघडू नका, प्रकरण आपोआप मरेल. त्याचं चुकलं नाही. महिनाभरापूर्वी मी त्याला हेच विचारलं होतं, यातून सुटायचा काही मार्ग आहे का म्हणून. मार्ग तू स्वतः मरून काढून दिला. मी त्याला पाणी दिलं आणि म्हटलं, तुम्ही नका येऊ, मी एकटा जाईन.

आखाडात तारीख आहे. मोठे साहेब विचारतील, कारण दाखवा. मी सांगणार आहे की कारण नाही. शिक्षा कमी झाली, ती वाढवा. मी बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, ज्यानं विश्वासानं खुंटा सोपवला त्याचं पाणी चोरलं, आणि एका बाईचं सालभराचं अन्न पांढरं केलं. ती या साली मोहफुलं उकडून खाऊन राहिली, हेही सांगीन. मातीचं विचारून पाहीन, तू विचारणार होता तसंच. हसले तर हसू दे. नाही म्हणाले तर जेल. बायको कालपासून रडून राहिली आहे. भीती मलाही वाटते, महापरसाद. पन्नाशीच्या माणसाला जेल म्हणजे गंमत नाही. पण बाक नको आता. चहा नको.

एकाच गोष्टीनं जीव घाबरा होते. साहेब मला विचारतील, फिर्यादी कोण होता? मी महापरसाद म्हणालो तर तेही समजणार नाहीत. म्हणतील, नाव सांगा. तिथे चारचौघांत पहिल्यांदा म्हटलं आणि अडखळलो, तर त्यांना वाटेल मी नाटक करतो. म्हणून आज पहाटे पाळीवर गेलो. मोहापासून मागे, तू वाहिलेला माझा थर जिथे थांबला आहे तिथे, कोणी नाही असं पाहून उभा राहिलो आणि एकदा म्हणून पाहिलं.

सुकराम.

कोणी ओ दिली नाही. तलावाच्या खोलगटात थोडं पाणी उरलं आहे, त्यात उतरून मी डोकं बुडवलं. संध्याकाळ झाली. बायकोनं दोनदा ताट वाढून आणलं, दोन्ही वेळा परत पाठवलं.